शाईतले लोखंड

केळफूल निवडायला बसण्यापूर्वी जुन्या बायका हाताला आणि विळीच्या पात्याला तेल चोळून घेत. ते राहून गेले तर पाते काळे पडे आणि बोटांवरचा काळपट डाग दोन-चार दिवस निघत नसे. आवळे चिरताना, लोखंडी खलात हिरडा कुटताना हाच अनुभव येतो. जे जे चवीला तुरट, ते ते लोखंडाला लागले की काळे होते. या तुरटपणाला रसायनशास्त्रात टॅनिन म्हणतात. टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगातून जो काळा पदार्थ तयार होतो, त्याने युरोपची लिखापढी दीड हजार वर्षांहून अधिक काळ चालवली. राजांचे करार, चर्चच्या नोंदवह्या, बाखच्या संगीताच्या संहिता, रेम्ब्रांटची रेखाटने, अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा हे सारे या एका काळ्या संयुगाने लिहिले आहे. मराठ्यांच्या इतिहासाचाही एक मोठा भाग त्यानेच लिहिलेला आहे. त्याच संयुगाच्या जन्मवेळचे दोष आज तो भाग पोखरत आहेत, म्हणून हा लेख.

शाईला लागणारे दोन्ही जिन्नस आपल्याला परके नाहीत. पहिला हिराकस, म्हणजे लोखंडाचे सल्फेट. फिकट हिरवे, काचेसारखे खडे. उघड्यावर राहिले की वरून पिवळट तपकिरी भुकटी धरतात. संस्कृतात याला कासीस म्हणतात. ‘रसरत्नसमुच्चया’ने त्याची गणना गंधक, गेरू, हरताळ यांच्या पंक्तीत, उपरसांमध्ये केली आहे आणि त्याच्या गुणांत केस रंगवण्याचा गुणही सांगितला आहे. केस काळे करण्याचे काम कासीस एकटे करत नाही, त्याला तुरट जोडीदार लागतो. लोखंडी कढईत आवळकाठी भिजत घालण्याची घरगुती कृती आठवली की ही जोडी लक्षात येते.

दुसरा जिन्नस मायफळ. बाळगुटीतले, सहाणेवर दोन-तीन वळसे उगाळायचे ते. नावात फळ असले तरी ते फळ नव्हे. पश्चिम आशियातल्या ओक झाडांच्या कोवळ्या कोंबात एक बारीक गांधीलमाशी अंडी घालते. अळीभोवती झाड जी गाठ धरते ती म्हणजे मायफळ. माशी बाहेर पडण्यापूर्वी तोडलेली गाठ टॅनिनने ठासून भरलेली असते. युरोपच्या बाजारात सीरियातल्या अलेप्पोच्या मायफळांना सर्वात जास्त मान होता. आपल्याकडे हेच काम हिरडा करतो आणि तोही त्याच गुटीच्या पुडीत असतो. एकोणिसाव्या शतकात कातडी कमावण्यासाठी हिरडा जहाजे भरभरून इंग्लंडला जाई. तिथल्या व्यापाऱ्यांनी मालाच्या प्रतींना हिंदुस्थानातल्या गावांची नावे दिली होती. ‘जबलपूर’, ‘भीमली’ यांच्याबरोबर ‘वेंगुर्ला’ नावाचीही एक प्रत होती. सह्याद्रीचा हिरडा वेंगुर्ल्याच्या बंदरातून निघून लंडनच्या भावपत्रकात दाखल होई.

मायफळाचा काढा, त्यात हिराकस आणि दाटपणासाठी थोडा डिंक, एवढीच युरोपीय शाईची पाककृती. तिचे मूळ तत्त्व फार जुने आहे. पहिल्या शतकातल्या रोमन ग्रंथकार प्लिनीने भेसळ ओळखण्याची एक युक्ती नोंदवली आहे. महागड्या जंगालात, म्हणजे तांब्याच्या हिरव्या क्षारात, स्वस्त हिराकस मिसळला असल्याचा संशय आला तर मायफळाच्या रसात भिजवलेल्या पपायरसच्या पट्टीवर तो माल लावायचा. पट्टी काळी झाली की लबाडी उघडी पडली. लिहून ठेवलेल्या रासायनिक चाचण्यांपैकी ही सर्वात जुन्यांपैकी एक मानतात. चौथ्या शतकातल्या ग्रीक बायबलची प्रसिद्ध ‘सिनाइटिकस’ पोथी लिहिली गेली तोवर ही शाई चांगली रुळली होती.

ती रुळली तिच्या एका विलक्षण गुणामुळे. लोखंड संयुगांमध्ये मुख्यतः दोन अवस्थांत वावरते. एका अवस्थेत त्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, दुसरीत तीन. पहिल्याला फेरस म्हणतात, दुसऱ्याला फेरिक. हिराकसातले लोखंड फेरस असते. मायफळातून निघणाऱ्या गॅलिक आम्लाशी त्याचे जे संयुग बनते ते जवळजवळ बिनरंगी आणि पाण्यात विरघळणारे असते. त्यामुळे ताजी शाई फिकी दिसते, पण कागदाच्या तंतूंत खोल झिरपते. मग हवेतला ऑक्सिजन फेरस लोखंडाचे फेरिक करतो आणि तंतूंच्या आत, जिथे ते पोचले असेल तिथेच, निळसर काळे अविद्राव्य संयुग जन्माला येते. अक्षर कागदावर बसत नाही, कागदात उगवते. पाण्याने ते पुसत नाही आणि खरवडायचे तर कागदासकट खरवडावे लागते. ज्या व्यवहारांत खाडाखोडीची भीती, त्या कज्जे-खतांच्या जगाला असे काहीतरी हवेच होते. विसाव्या शतकातही इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी अशाच शाईने करण्याचा दंडक होता.

लिहिताना अक्षर दिसावे म्हणून एकोणिसाव्या शतकात या शाईत नीळ किंवा दुसरा निळा रंग घालू लागले. लिहिताना निळी, वाळल्यावर काळी. ‘ब्लू-ब्लॅक’ हे नाव त्यावरून पडले. दौत-टाकाच्या पिढीतल्या वाचकांना ती आठवत असेल. पितळेच्या टोपणाखाली जमणारा काळा गाळ आणि महिन्या-दोन महिन्यांत गंजून चिरफाळणारे पोलादी निब यांचे कारणही तिच्यातले आम्लच होते.

हे आम्ल येते कुठून? हिराकस म्हणजे लोखंड आणि सल्फेट. लोखंड गॅलिक आम्लाकडे गेले की सल्फेटचा भाग एकटा उरतो आणि पाण्याच्या संगतीत त्याचे गंधकाम्ल होते, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. प्रत्येक अक्षराच्या काळेपणाबरोबर गंधकाम्लाचा एक सूक्ष्म थेंब कागदात मुरतो. कागद म्हणजे सेल्युलोज, साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. आम्ल ती साखळी ठिकठिकाणी तोडते. हा झाला पहिला घाव.

दुसरा घाव जास्त कावेबाज आहे. बहुतेक जुन्या कृतींत हिराकस प्रमाणापेक्षा जास्त असे. शाई पटकन आणि गडद काळी व्हावी ही लेखकांची हौस, शिवाय हिराकस मायफळापेक्षा स्वस्त. हे जादा फेरस लोखंड संयुगात अडकत नाही, मोकळे राहते. हवेतल्या ऑक्सिजनपासून बनणाऱ्या पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडली की हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत आक्रमक कण तयार होतात. ते सेल्युलोजवर तुटून पडतात. लोखंड मात्र या खटपटीत संपत नाही. फेरस-फेरिक-फेरस अशा फेऱ्या मारत ते पुन्हा कामाला हजर होते. इंग्लंडच्या विल्यम लुइसने १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हिराकसाचे प्रमाण तपासले होते. वेगवेगळ्या मिश्रणांनी लिहून, ते कागद ऊन-वाऱ्यात ठेवून त्याने सांगितले की एक भाग हिराकसाला तीन भाग मायफळ घ्यावे. तोवर युरोपची कित्येक शतकांची दफ्तरे लिहून झाली होती.

परिणाम ओळीने दिसतात. आधी अक्षराभोवती तपकिरी वलय उमटते. मग मजकूर पानाच्या पाठीमागून दिसू लागतो. मग जाड फटकाऱ्यांच्या जागी बारीक चिरा पडतात आणि शेवटी अक्षरे पानातून गळून पडतात. अक्षराच्या आकाराची भोके राहतात, जणू कुणी पातळ पत्रा कातरला आहे. बाखच्या हस्तलिखितांची हीच गत झाली होती. त्याची लेखणी घाईची, शाई भरपूर. काळ्या स्वरबिंदूंच्या जागी भोके पडू लागली. बर्लिनच्या ग्रंथालयाने ते कागद जाडीत चिरून, दोन पापुद्रे वेगळे करून, मध्ये मजबूत कागद घालून पुन्हा चिकटवले. वाचताना अंगावर काटा येतो, पण दुसरा इलाज उरला नव्हता. ‘सिनाइटिकस’ मात्र टिकली, कारण ती चर्मपत्रावर आहे. चामडे कमावताना वापरलेला चुना त्यात उरतो आणि आम्लाला परस्पर मारतो.

आता आपल्या दफ्तरांकडे. मोडी कागदाची शाई वेगळ्या कुळातली आहे. काजळ, डिंक आणि पाणी खलून घोटलेली ती शाई. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन. त्याला ना आम्लाची ओढ ना ऑक्सिजनची, ऊन लागले तरी ते उडत नाही. समर्थांनी ‘दासबोधा’तला एक अख्खा समास लेखनक्रियेला दिला आहे आणि बोरू कसे निवडावे इथपर्यंतचा तपशील सांगितला आहे. बोरूच्या टोकाने घोटीव जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावर उमटलेली ही अक्षरे तीनशे वर्षांनी आजही काल लिहिल्यासारखी दिसतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमाल सोडून बसलेल्या कुणालाही हे पटेल. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसायांनी तिथल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, तेव्हा अडचण मोडीच्या वळणाची होती, अक्षर फिके पडल्याची नव्हे.

यावरून ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असा सूर कुणी लावला, तर तो मला मान्य नाही. काजळाची शाई कागदाच्या वर बसते. पाणी लागले की ओघळते, ओल्या फडक्याने पुसते. आपल्याकडे वाळवी, कसर, गळके छप्पर आणि वारसांची बेफिकिरी यांनी जे कागद नेले त्यांची गणती नाही. युरोपीय कारकुनाला न पुसणारी शाई हवी होती, ती त्याने मिळवली आणि तिची किंमत त्याच्या वारसांनी मोजली. शिवाय लोखंड-तुरटाची रीत आपल्याकडेही होतीच, फक्त कागदाऐवजी कापडावर. कलमकारीत हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या पाण्याने काळ्या रेषा काढतात. जुन्या छापील कापडांत आज पहिल्यांदा विरलेल्या दिसतात त्या याच काळ्या रेषा. आसामात सांचीच्या सालीवरच्या पोथ्यांसाठी हिरडा, गोमूत्र आणि लोखंड यांची शाई करत. तिथे लोखंड गंजलेल्या तुकड्यांतून येते. हिराकस नसला की गंधकाम्लाचा प्रश्नही उरत नाही. त्या पोथ्या चांगल्या टिकल्या आहेत.

मग मराठ्यांच्या इतिहासाशी या शाईचा संबंध कुठे येतो? तो येतो परक्यांच्या कागदांतून. शिवकाळातली आणि विशेषतः संभाजीकाळातली अस्सल मराठी कागदपत्रे फार थोडी उरली आहेत. जे उरले आहे त्याला इंग्रज, पोर्तुगीज, डच यांच्या दफ्तरांची जोड दिल्याशिवाय इतिहास उभा राहत नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडनचे वृत्त आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. कंपनीचे कारकून त्या काळी लिहीत ती शाई मायफळ-हिराकसाचीच. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली शिवाजी महाराजांविषयीचे इंग्रजी कागद छापून काढले, त्यामुळे त्यांचा मजकूर तरी सुरक्षित झाला. वा. सी. बेंद्र्यांनी संभाजी महाराजांच्या चरित्राची फेरमांडणी केली तीही परकीय साधनांची उलथापालथ करून.

सर्वात मोठा ठेवा पणजीला आहे. गोव्याचे पोर्तुगीज दफ्तर १५९५ साली रीतसर स्थापन झाले. इतिहासकार दियोगु द कोउतु त्याचा पहिला प्रमुख. दर मोसमात लिस्बनहून येणाऱ्या आणि तिकडे जाणाऱ्या पत्रांचे ‘मोन्सोंइस दु रेइनु’ नावाचे ग्रंथ, शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या वह्या, राज्यमंडळाच्या बैठकींची टिपणे हे सारे त्यात आले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्रग्रंथांपैकी ६२ खंड लिस्बनला हलवले गेले, बाकीचे इथेच राहिले. १६८३ साली विजरई कोंदि द आल्व्होर फोंड्यावर चालून गेला आणि मार खाऊन परतला, मागोमाग संभाजी महाराजांनी जुवे बेट घेतले आणि गोवा शहराच्या तोंडचे पाणी पळाले. त्या दिवसांत राज्यमंडळात कोण काय बोलले ते या कागदांत आहे. १७३९ ला वसई गेल्याची हळहळ याच कागदांत आहे.

पांडुरंग पिसुर्लेकरांनी या दफ्तरात आयुष्य घातले. राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात मूळ पोर्तुगीजमध्ये छापले आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १९६७ साली पुणे विद्यापीठाने काढला. त्यांच्या विद्वत्तेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. एका गोष्टीकडे मात्र फारसे कुणी लक्ष दिलेले नाही. हे वाचन काळाशी लावलेली शर्यत होती. लोखंडी शाई आणि गोव्याचा पावसाळा यांच्याइतकी वाईट जोडी दुसरी नाही. हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की कागदात अडकलेले मोकळे लोखंड आणि आम्ल ओलाव्यातून आजूबाजूला पसरू लागते आणि झीज झपाट्याने वाढते. कोकणपट्टीत आर्द्रता चार महिने त्याहून कितीतरी वर असते. लिस्बनला गेलेल्या खंडांना या हवेतून तरी सुटका मिळाली. त्यांच्या जाण्याचे वाईट वाटायचे की बरे, हे मला ठरवता आलेले नाही.

उपायांचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. १८९८ साली व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख फ्रान्झ एर्ले यांनी स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन इथे जुन्या हस्तलिखितांच्या रक्षणासाठी परिषद भरवली. त्यापूर्वी विद्वान मंडळी काय करत? अक्षर फिके दिसले की पानावर मायफळाचा अर्क किंवा पोटॅशियम फेरोसायनाइडचे द्रावण फासत. पहिल्याने उरलेले लोखंड काळे होई, दुसऱ्याने प्रशियन ब्लू तयार होऊन अक्षरे गडद निळी उमटत. त्या दिवशी मजकूर वाचता येई, पुढे सारे पान डागाळून जाई. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या मध्याला ठिसूळ कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पापुद्र्यात बंद करण्याची पद्धत रूढ झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने यंत्राशिवाय, ॲसिटोन वापरून हाताने ती करण्याची रीत बसवली आणि ती जगभर वाखाणली गेली. कागद हाताळण्याजोगा झाला खरा, पण आधी आम्ल मारून घेतले नसेल तर ते पापुद्र्याच्या आत लोखंडासकट कोंडले जाते.

खरा उतारा १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये सापडला. योहान नेवेल या संशोधकाने मोकळ्या लोखंडाला जखडून ठेवणारा पदार्थ शोधला तो फायटेट. धान्याच्या कोंड्यात तो भरपूर असतो. भाकरीतले लोह अंगी लागत नाही याबद्दल आहारतज्ज्ञ ज्याला दोष देतात तोच हा. (जेवणानंतर लगेच चहा नको असे सांगतात त्याचे कारणही या लेखात येऊन गेले आहे. चहातले टॅनिन आणि अन्नातले लोह मिळून पोटात थोडीफार शाईच तयार होते.) पान आधी कॅल्शियम फायटेटच्या द्रावणात बुडवायचे. फायटेट मोकळ्या फेरस लोखंडाला असे कवटाळते की ते पेरॉक्साइडच्या खेळात भाग घेऊ शकत नाही. मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्याने आम्ल मारायचे आणि कागदात थोडा चुना राखीव ठेवायचा, चर्मपत्रात असतो तसा. काम झाले की नाही हे पाहायला एक चाचणीपट्टी आहे. ओलसर पट्टी शाईवर क्षणभर टेकवायची. मोकळे फेरस लोखंड उरले असेल तर ती गडद गुलाबी होते. प्लिनीच्या पट्टीची ही दूरची नात म्हणायला हरकत नाही.

उपाय आहे, पण तो एकेका सुट्या पानाचा आहे. बांधलेला ग्रंथ आधी उसवावा लागतो. ज्या पानाला चिरा गेल्या आहेत ते पाण्यात टिकत नाही, ज्यावर पाण्यात विरघळणारे रंग किंवा शिक्के आहेत ते बुडवता येत नाही. हजारो पानांच्या दफ्तराला हा इलाज करायचा तर कुशल माणसांची काही दशके लागतील. म्हणून जगभरची दफ्तरखाने आधी सोप्या गोष्टी करतात: हवा कोरडी आणि थंड राखणे, पाने कमीत कमी उलटणे आणि भोके पडण्यापूर्वी प्रत्येक पानाची चांगली प्रतिमा काढून ठेवणे.

आणि जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे लोखंडच कधी कधी मदतीला येते. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली एक चर्मपत्री प्रत तेराव्या शतकात कुणी खरवडून, धुऊन तिच्यावर प्रार्थना लिहिल्या होत्या. १९०६ साली डॅनिश पंडित हायबर्गने भिंगातून तिच्यातला बराचसा मजकूर वाचला, पण काही पानांवर पुढे सोनेरी चित्रे चढवली गेली आणि ती पाने कायमची गेली असे वाटले. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या प्रवेगकावर ती पाने क्ष-किरणांसमोर धरली. क्ष-किरणांनी डिवचलेला लोखंडाचा अणू स्वतःचे ठरावीक किरण परत फेकतो. पानाचा बिंदू न् बिंदू तपासून लोखंडाचा नकाशा काढला, तेव्हा सोन्याच्या थराखालून हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक ओळी संगणकाच्या पडद्यावर उमटल्या. खरवडणाऱ्याने काळा रंग नेला होता, पण चामड्यात मुरलेले लोखंड त्याला काढता आले नव्हते.